गारगोटीची निळी भांडी
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

कोणत्याही मोठ्या संग्रहालयातल्या इजिप्तच्या दालनात निळ्या-हिरव्या चकचकीत वस्तू हमखास दिसतात. शेजारच्या पाटीवर ‘फायन्स’ असे लिहिलेले असते. हे नाव इटलीतल्या फाएन्झा गावावरून आले आणि खरे तर चुकीने चिकटले. फाएन्झाची भांडी मातीची, इजिप्तची मात्र गारगोटीच्या चुऱ्याची. इजिप्शियन लोक या पदार्थाला ‘चेहेनेत’, म्हणजे ‘झळाळणारे’ म्हणत.

जुनी कृती मोठी मजेदार होती. दळलेल्या गारगोटीत किंवा वाळूत थोडा चुना, खार आणि तांब्याचे संयुग मिसळून लगदा मळायचा. घडवलेली वस्तू वाळताना, भिंतीला लोणा लागावा तसे, आतले क्षार पृष्ठभागावर येत. भट्टीत ८०० ते १००० अंश सेल्सिअसला ते वितळले की झाली काचेसारखी झिलई! महागड्या पिरोजाचा रंग त्यामुळे सामान्य माणसाच्या गळ्यातल्या मण्यातही आला. आपल्या सिंधू संस्कृतीतही फायन्सचे मणी आणि बांगड्या बनत.

इ.स.पूर्व ३० मध्ये इजिप्त रोमच्या ताब्यात गेले, तेव्हा ही कला तीन हजार वर्षांहून जुनी होती. पण ती थकली नव्हती. रोमन काळात वाडगे, ताटल्या, सुरया अशी भांडी मोठ्या प्रमाणावर होऊ लागली. कुणावर पानाफुलांची उठावाची नक्षी, कुणावर प्राणी. घाट ग्रीक-रोमन, निळाई मात्र नाईलकाठची.

ती कशी बनत, हे कारागिरांनी लिहून ठेवलेले नाही. ते सांगितले उकिरड्याने. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लिंडर्स पेट्री यांना मेम्फिस येथे रोमन काळातल्या भट्ट्यांचे अवशेष सापडले. भांडी भाजताना ज्यात ठेवत ते मातीचे डबे, आणि बिघडली म्हणून फेकलेली भांडी. चांगला माल गिऱ्हाईक घेऊन गेले. कारागिराची रीत कळली ती फसलेल्या मालावरून.

इ.स.पूर्व पहिल्या शतकात सीरिया-पॅलेस्टाईनच्या किनाऱ्यावर फुंकून काच घडवण्याची युक्ती निघाली होती. तिची पारदर्शक भांडी झटपट होत. पुढच्या काही शतकांत फायन्स मागे पडले. तरी धागा पुरता तुटला नाही. १९६० च्या दशकात इराणमधल्या कोम शहरात गाढवांच्या गळ्यातले निळे मणी अशाच एका जुन्या रीतीने बनताना अभ्यासकांनी पाहिले, आणि प्राचीन कृतीचा एक दुवा हाती लागला.

लिहून न ठेवलेले ज्ञान हातांतच जगते. आपल्याकडच्या कारागिरांचे हात थांबण्याआधी त्यांना दोन प्रश्न विचारायला हवेत. उकिरडा प्रत्येक वेळी बोलेलच असे नाही.