बाजारात नसलेली जमीन

मंदीत घरांचे भाव पडले, तरी कर्जाचा हप्ता तेवढाच राहतो. शहरी कुटुंबाची ही मोठी धास्ती. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा मात्र या हिशेबाबाहेर आहे. २०१३ मध्ये गावकऱ्यांनी ग्रामदान कायद्यानुसार आपली शेतजमीन ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. कसणारं कुटुंब तेच. बाहेरच्याला विक्री नाही.

मंदी इथं येते ती जंगलवाटेनं.

मे महिन्यात तेंदूपत्ता तोडला जातो. विडीची मागणी घटली की या पानांच्या पुड्यांचा दर उतरतो आणि पेरणीच्या तोंडावर बियाण्यांचे पैसे कमी पडतात. अशा वेळी बांबूचा मोठा आधार. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवानेही ग्रामसभेच्या हाती आले. तोडणीची मजुरी आता गावातच राहते.