‘घरची परिस्थिती हलाखीची’च्या पुढे काय लिहायचं?

आजचा एपिसोड छोटा आहे. सीट मिळाली, आता पैशाचं काय, असं ज्यांच्या घरी चाललंय त्यांच्यासाठी.

सरकारी भाग पटकन सांगतो. महाडीबीटी पोर्टलवर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत आणि ॲडमिशन कॅप राउंडमधून असेल, तर ट्यूशन फी निम्मी सुटते. मॅनेजमेंट कोट्याला नाही. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. एससी, एसटीच्या योजना वेगळ्या, त्या पोर्टलवर बघून घ्या.

पण फी सुटली म्हणजे शिक्षण सुटलं नाही असं होत नाही. रूम, मेस, एसटीचा पास, लॅपटॉप हे राहतंच ना! माझ्यासोबत बीटेकला असलेला एक हुशार मुलगा सेकंड इयरला घरी गेला तो परत आलाच नाही. सगळे म्हणाले, मॅथ्स झेपलं नाही. खरं तर मेसचे तीन महिने थकले होते.

ही मधली रक्कम बऱ्याचदा खासगी ट्रस्टकडून मिळते. आणि त्यांच्या फॉर्मवर एक प्रश्न असतोच: ‘ही शिष्यवृत्ती तुम्हाला का मिळावी?’

दरवर्षी जुलैमध्ये मी ज्युनियर्सचे फॉर्म वाचतो. दहातले आठ जण लिहितात, ‘माझ्या घरची परिस्थिती हलाखीची आहे, मी खूप जिद्दी आहे.’ अरे, तिथे प्रत्येकाचीच तशी आहे! वाचणाऱ्याला त्यातून तुझ्याबद्दल काय कळणार?

गेल्या वर्षी एका मुलीने सरळ हिशोब लिहिला. फी सोडून वर्षाला ९६ हजार लागतात. घरून ४१ येतात. सुट्टीत कापडाच्या दुकानात उभी राहून १२ मिळवते. उरले ४३. खाली लिहिलं, पहिल्या सेमला एक केटी लागली होती, ती पुढच्याच परीक्षेत काढली. केटी लिहू की नको, यावर आमचा अर्धा तास वाद झाला. माझं मत होतं, लिही. मार्कशीट तर जोडायचीच आहे! इंटरव्ह्यूत गरिबीबद्दल एक प्रश्न नाही. दुकान आणि परीक्षा एकत्र आली तर काय करतेस, एवढंच विचारलं. तिला ४३ हजार मिळाले.

म्हणजे ‘जिद्द’ हा शब्द न लिहिताही ती दिसते. पहाटेची बस, दुकानातले तास, निघालेली केटी. आणि रडगाणं नको म्हणून आकडे लपवू पण नका. वडिलांची दोन एकर कोरडवाहू असेल तर तसंच लिहा, त्यात लाज कसली?

आता एक बोअरिंग पण महत्त्वाचं. महाडीबीटीचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात, तुम्ही पासबुक दाखवता त्याच खात्यात येतील असं नाही. दोन-तीन खाती असतील तर मायआधारवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा. भलत्याच बँकेचं नाव दिसलं तर हव्या त्या बँकेत जाऊन आधार जोडून घ्या. आणि पुढच्या वर्षी रिन्यूअल आपोआप होत नाही, अर्ज परत भरावा लागतो.

उत्पन्नाचा दाखला काढला नसेल तर या आठवड्यातच सेतू केंद्रात जा. रिझल्ट लागल्यावर तिथे उभं राहायला जागा नसते.