गाडी मिसिंग करते तेव्हा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

आपले नगर हे तसे गाड्यांचे गाव. लष्करी वाहनांची चाचणी घेणारी व्हीआरडीई इथे आहे, रणगाड्यांचे संग्रहालय इथे आहे आणि एकेकाळी घराघरात असलेली लुना इथल्याच कारखान्यात तयार होत असे. लुना बंद पडली की रस्त्याच्या कडेला बसायचे, प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा आणि पुन्हा पायडल मारायचे. हे ज्ञान तेव्हा शाळकरी पोरांनाही होते. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, लुना चालवणारी पिढी आता साठीला आली, पण त्या प्लग घासण्यातली अक्कल अजून कामाची आहे. आज तिच्याविषयी बोलायचे आहे.

जिल्ह्यात जुन्या मोटारी अजून बऱ्याच आहेत. मारुती ८०० ही १९८३ साली आली, २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. पण वस्तीवरून दवाखान्यात, बाजारात, लग्नाकार्याला नेणारी ती गाडी कित्येक घरांत आजही आहे. कुणाकडे हौसेने जपलेली पद्मिनी आहे. अशा गाडीला एक दुखणे हमखास जडते. ती मिसिंग करू लागते. उभी असताना थरथरते, चढाला गचके खाते, सायलेन्सरमधून फट्‌फट्‌ आवाज येतो आणि पेट्रोल जास्त लागते.

माझीही गाडी अशीच आजारी पडली. नगर-पाथर्डी रस्त्यावर करंजी घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्ये ती गचके देऊ लागली. मागे आई होती. डोळ्याचे ऑपरेशन होऊन दोनच दिवस झालेले, डोळ्यावर पट्टी. प्रत्येक गचक्याला ती सीट घट्ट धरायची आणि म्हणायची, ''अरे, हळू घे.'' मी हळूच घेत होतो. जोरात घ्यायला गाडीत जोरच नव्हता. मागून ट्रक हॉर्न देत होते. कसेबसे घरी पोहोचलो. पुढच्या महिनाभरात गॅरेजमध्ये आधी प्लग बदलले, मग कार्बोरेटर साफ झाला, मग ''काका, आता कॉइलच बदलून टाका'' असा सल्ला मिळाला. बिले झाली, गाडी होती तशीच. दोष कुणा एकाचा नव्हता. आम्ही सगळे भाग बदलत होतो, कारण कुणीच शोधत नव्हतो.

मिसिंग म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. पेट्रोल इंजिनच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते आणि प्लगची ठिणगी ते पेटवते. इंजिनच्या दोन फेऱ्यांत एका सिलिंडरमध्ये एकदाच स्फोट होतो. म्हणजे गाडी उभी असताना मिनिटाला ८०० फेरे होत असतील तर एक सिलिंडर ४०० वेळा पेटतो. मारुती ८०० ला तीन सिलिंडर. एक बसला की एक तृतीयांश ताकद गेली. पद्मिनीला चार, तिथे पाव ताकद जाते. सिलिंडर न पेटण्याची कारणे ढोबळमानाने तीनच: ठिणगी नाही, मिश्रण बरोबर नाही, किंवा दाब, म्हणजे कॉम्प्रेशन नाही. शोधायचे ते याच क्रमाने, कारण पहिली तपासणी सर्वांत सोपी आणि स्वस्त असते.

पान्हा हातात घेण्याआधी गाडीचे ऐका. एका लयीत, ठराविक अंतराने ठोका चुकत असेल तर बहुधा एकच सिलिंडर आजारी आहे. ठोका कधी इथे, कधी तिथे चुकत असेल तर सर्वांना मिळून असलेल्या भागावर संशय घ्या: कॉइल, डिस्ट्रिब्युटर, कार्बोरेटर, फिल्टर. सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाचा तुकडा धरा. निरोगी इंजिन तो सारखा बाहेर ढकलते. कागद मधूनच आत ओढला जात असेल तर व्हॉल्व्ह नीट बसत नसल्याची शंका घ्यावी.

त्रास कधी होतो तेही कागदावर लिहून ठेवा. उभ्या गाडीत थरथर आणि वेग घेतला की ठीक, असे असेल तर रबरी व्हॅक्यूम पाइप फाटून जादा हवा शिरत असेल. चढालाच होत असेल तर ठिणगी कमकुवत आहे किंवा पेट्रोल पुरत नाही. फक्त पावसाळी हवेत होत असेल तर ओल वायरींवर आणि डिस्ट्रिब्युटरच्या टोपणात आहे. आपल्याच जिल्ह्यात पहा: नगर-पारनेरकडे धुळीने एअर फिल्टर लवकर चोंदतो आणि अकोल्यात, भंडारदरा-रतनवाडीकडे, पावसात तीच गाडी सकाळी ओलीने सुरू होत नाही.

आता आजारी सिलिंडर शोधू. गाडी उघड्यावर, सपाट जागी उभी करा. बंद शेडमध्ये इंजिन चालवू नका, धुरातला वायू जिवावर बेततो. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. पदर, ओढणी, मफलर पट्ट्यापासून दूर. इंजिन बंद करून पहिल्या प्लगची वायर काढा, तिच्यात एक जुना प्लग खोचा आणि तो प्लग इंजिनच्या लोखंडाला पक्का टेकवून बांधा. मग इंजिन सुरू करा. आवाज पडला, थरथर वाढली, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर आजारी तोच. इंजिन बंद करून वायर जागेवर लावा आणि पुढचा तपासा. चालू इंजिनची वायर हाताने ओढू नका. त्या वायरीत हजारो व्होल्ट असतात. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे.

आजारी सिलिंडर सापडला की नवा भाग आणायला धावू नका. त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावा आणि शेजारचा इकडे. मिसिंग प्लगबरोबर तिकडे गेले, तर दोष प्लगचा. जागेवरच राहिले, तर प्लग निर्दोष. मग लांबी जमत असेल तर वायरींची अदलाबदल करा. एका वेळी एकच बदल करायचा, हा या कामातला सर्वांत मोठा नियम. एकदम तीन गोष्टी बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली हे कळत नाही; आणि बिघडली, तर तेही कळत नाही.

प्लग हातात आला की त्याचा रंग वाचा. फिकट तपकिरी म्हणजे ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर चोंदलेला. पेट्रोलने ओला म्हणजे ठिणगी पडत नाही. तेलकट काळा म्हणजे ऑइल वर येते आहे. पांढरा फटक म्हणजे पेट्रोल कमी, इंजिन जास्त तापते आहे. टोकातले अंतर गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवा; अशा गाड्यांत ते बहुधा ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते. डिस्ट्रिब्युटरचे टोपण काढून आत काळी रेघ किंवा तडा दिसतो का पहा, कोरड्या फडक्याने पुसा. जुन्या पद्मिनीत सीबी पॉइंट जळले आहेत का तेही पहा.

मग माझ्या गाडीत काय निघाले? तिसरा सिलिंडर आजारी होता, पण प्लग नवा. एका रात्री अंगणातला दिवा मालवला, बॉनेट उघडले आणि इस्त्रीच्या वेळी वापरतो त्या बाटलीने वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला. तिसऱ्या वायरीवर, जिथे ती पत्र्याच्या कडेला घासत होती, तिथे निळी ठिणगी तडतडली. घाट चढताना सिलिंडरमधला दाब वाढतो. त्या दाबात प्लगच्या टोकांतून उडी मारायला ठिणगीला जास्त जोर लागतो. तिला घासलेल्या जागेतून पत्र्यावर उतरणे सोपे वाटे. म्हणून सपाटीला गाडी बरी आणि घाटात आजारी. एक वायरींचा संच घेतला आणि त्या कडेला रबराचा तुकडा लावला. एवढेच.

ठिणगी ठीक असेल तर पेट्रोलकडे या. पेट्रोल फिल्टर बदला, जेटमधला कचरा काढा. गॅस किट असेल तर गाडी दोन्हींवर चालवून पहा. गॅसला ठिणगी जास्त जोरकस लागते, म्हणून कमकुवत प्लग-वायरींचा दोष गॅसवर आधी दिसतो. आणखी एक नवी गोष्ट. २०२५ पासून देशभर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. त्यातले काही इथेनॉल आपल्याच उसाच्या पट्ट्यातून, साखर कारखान्यांतून येते, ही शेतकऱ्याच्या फायद्याची बाब आहे. पण जुनी गाडी त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने कार्बोरेटरचे मिश्रण पातळ पडते, जुने रबरी पाइप व वॉशर फुगतात, चिरतात आणि महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या टाकीत इथेनॉल ओल शोषून घेते. म्हणून पाइप नवीन, इथेनॉलला टिकणारे घ्या आणि गाडी आठवड्यातून एकदा तरी चालवा. पेट्रोलचा वास येत असेल तर इंजिन सुरूच करू नका.

ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही ठीक असूनही सिलिंडर बसलेलाच असेल, रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, ऑइल दुधाळ दिसत असेल, तर घरचे काम संपले. कॉम्प्रेशन, व्हॉल्व्ह, हेड गॅस्केट ही मेकॅनिकची कामे आहेत. इंजेक्शनच्या गाडीत इंजिनचा दिवा लागला असेल तर स्कॅनर लावून घ्या. दिवा लुकलुकत असेल तर गाडी थांबवा. मिसिंग करणारी गाडी दिवसेंदिवस चालवू नये. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन काढते, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर तो लालभडक तापतो. अशी गाडी वाळल्या गवतावर उभी करणे म्हणजे आगीला आमंत्रण.

यातून मेकॅनिकची गरज संपते असे नाही. पण ''गाडी बिघडलीय, बघा'' असे म्हणण्याऐवजी ''तिसरा सिलिंडर मिस करतोय, प्लग बदलून पाहिला, चढालाच होतं'' असे सांगता आले, तर त्याचा वेळ वाचतो आणि आपले पैसे. चांगला मेकॅनिक असे गिऱ्हाईक मनापासून ऐकून घेतो.

पुढच्या तपासणीला आईला घेऊन त्याच घाटातून गेलो. वर आल्यावर तिने विचारले, ''घाट संपला का रे?'' तिला कळलेच नव्हते.