नवोदयचा अर्ज आणि आपण आया
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाच्या वाढदिवशी मी चार शब्द बोलावेत असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला. मी सातवीपर्यंत शिकलेली, घर सांभाळणारी बाई. भाषणाची मला सवय नाही. परंतु गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दोघीतिघींनी विचारले, "तुमची धाकटी नवोदयला कशी गेली हो?" प्रत्येकीला निराळे सांगण्यापेक्षा सगळ्यांना एकदमच सांगावे, म्हणून आज उभी राहिले आहे. सांगताना माझी एक चूकही सांगणार आहे. ती ऐकून कोणी हसले तरी चालेल, पण ती पुन्हा कोणाच्या घरी होऊ नये.

प्रथम ही शाळा कसली ते सांगते. जवाहर नवोदय विद्यालये ही केंद्र सरकारची निवासी विद्यालये आहेत. पहिली दोन १९८५-८६ साली निघाली. एक हरियाणात झज्जरला आणि दुसरे आपल्या अमरावतीला. आज देशात ती सहाशेंच्या वर आहेत. सहावीपासून बारावीपर्यंत मूल तेथेच राहते आणि शिकते. राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके यांचा खर्च सरकार करते. नववीपासून काही मुलांना दरमहा विकास निधी भरावा लागतो, पण मुलींना तो माफ आहे. शंभरातल्या निदान ७५ जागा खेड्यातल्या मुलांसाठी असतात आणि निदान एक तृतीयांश जागा मुलींसाठी. म्हणजे ही शाळा कोणा बड्या लोकांची नव्हे, आपल्यासारख्यांचीच आहे.

आता माझी चूक. आठ वर्षांपूर्वी माझी मोठी मुलगी पाचवीत होती. गणितात हुशार. एके दिवशी तिने शाळेतून चिठ्ठी आणली, की नवोदयचा अर्ज भरावयाचा आहे, पालकांनी येऊन भेटावे. मी ती चिठ्ठी वाचली आणि डाळीच्या डब्याखाली ठेवून दिली. मनात म्हटले, सासूबाईंना विचारावे, ह्यांना विचारावे, मग बघू. पण दहा वर्षांची पोर परगावी ठेवायची, हे घरात कोणाला रुचेल? आज विचारीन, उद्या विचारीन, असे करता करता तारीख निघून गेली. पोरीने विचारले तेव्हा मी म्हटले, "आपल्याला नाही गं जमायचं ते." ती गप्प बसली. मीही विसरले, असे मला वाटत होते.

बायांनो, ही परीक्षा मुलाला एकदाच देता येते. त्या वर्षी पाचवीत शिकणारे मूलच बसू शकते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा म्हणून बसता येत नाही. त्यामुळे डब्याखालची ती चिठ्ठी पुन्हा येणार नव्हती.

पाच वर्षांनी धाकटी पाचवीत आली. तिनेही तशीच चिठ्ठी आणली. मोठी तेव्हा दहावीत होती, जवळच अभ्यास करीत बसली होती. वर न पाहता ती म्हणाली, "आई, या वेळी चिठ्ठी डब्याखाली ठेवू नकोस."

म्हणजे तिला सगळे ठाऊक होते. पाच वर्षे ती पोर एका शब्दाने बोलली नव्हती. त्या रात्री मला अन्न गोड लागले नाही.

दुसऱ्या दिवशी धीर करून मी सासूबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "जाऊ दे की शिकायला. मोठीच्या वेळेला तू मला विचारलंस तरी कुठं?" ह्यांनीही नाही म्हटले नाही. घराचा नकार मी मानून चालले होते. खरा नकार माझ्याच मनातला होता.

अर्जाला पैसे पडत नाहीत. तो मोबाईलवर किंवा कॉम्प्युटरवर भरावा लागतो. मुलाचा फोटो, मुलाची व पालकाची सही आणि मुख्याध्यापकांच्या सहीचा दाखला लागतो. मूल त्याच जिल्ह्यातल्या शाळेत पाचवीत हवे आणि जन्मतारीख ठरलेल्या मुदतीत बसावी लागते. खेड्याच्या जागेवर हक्क सांगायचा तर तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षे खेड्यातल्या शाळेत झालेली असावी लागतात. अर्ज भरताना मला आणखी एक गोष्ट कळली. नववीच्या रिकाम्या जागांसाठीही आठवीतल्या मुलांची वेगळी परीक्षा होते, तीत गणित, विज्ञान, इंग्रजी आणि हिंदी असते. मोठीची ती संधीही गेली होती. ज्यांची मुले आठवीत आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावे.

सहावीची परीक्षा दोन तासांची. ८० प्रश्न, १०० गुण. निम्मे गुण बुद्धिमापनाला आणि उरलेले गणित व भाषा यांना सारखे. मराठीतून परीक्षा देता येते. बुद्धिमापन म्हटले की आपण बिचकतो, पण त्यात आकृत्या असतात. वेगळी कोणती ओळखा, अर्धी राहिलेली पुरी करा, आरशात कशी दिसेल ते सांगा. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बाईला हे अवघड नाही. एका बाजूची पाकळी पाहून दुसरी बाजू आपण रोज काढतोच की!

गणित मात्र मला जड गेले. एके दिवशी धाकटीने विचारले, "एका भांड्यात १२ लिटर दूध आहे, दुसऱ्यात १८ लिटर. दोन्ही पुरतं मोजता येईल असं मोठ्यात मोठं माप कोणतं?" मी म्हटले, सहा लिटरचे. ती म्हणाली, "आई, हाच मसावि!" शाळेत शिकलेले ते नाव मी केव्हाच विसरले होते, पण हिशेब हाताला ठाऊक होता.

तरी खरे शिकवले ते मोठीने. स्वतःचे दहावीचे वर्ष असून रोज संध्याकाळी अर्धा तास ती बहिणीला अपूर्णांक, नफा-तोटा, क्षेत्रफळ समजावून देई. जी संधी आपल्याला मिळाली नाही ती बहिणीला मिळावी म्हणून ती बसत होती, आणि मी चुलीपाशी तोंड फिरवून पोळ्या लाटत होते.

धाकटीचे नाव यादीत आले. तिला सोडून परत येताना फाटकाशी ती रडली, मीही रडले. पहिले दोन महिने कठीण गेले. भेटीच्या दिवशी "घरी ने" म्हणे. पुढे मैत्रिणी झाल्या आणि ती रमली. आता आठवीत आहे. पुढच्या वर्षी गणित आणि विज्ञान इंग्रजीतून असेल. नववीतल्या काही मुलांना वर्षभर हिंदी भागातल्या नवोदयमध्ये शिकायला पाठवतात. तिची पाळी आली तर माझे काळीज पुन्हा हलेल, हे मी आजच कबूल करते.

मोठीचे काय, असे मनात येईल. ती एस.टी.ने तालुक्याच्या कॉलेजात जाते, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. तिचे अडले नाही, ते तिच्या स्वतःच्या हिमतीने. त्याचे श्रेय मी घेऊ शकत नाही.

एका शाळेत सहावीला फार तर ८० मुले घेतात. जिल्हाभरातून अर्ज येतात, तेव्हा पुष्कळांची नावे यादीत येणार नाहीत. नाव न आलेल्या मुलाला "एवढं करून काय उपयोग झाला?" असे म्हणू नका. केलेला अभ्यास सहावीच्या गणितात उपयोगी पडतोच. आणि मुलाचे मन नसेल तर त्याला बळेच धाडू नका. परंतु नकार द्यायचा तो परीक्षेने द्यावा किंवा मुलाने द्यावा. आईने न विचारताच देऊ नये. मुलीच्या बाबतीत तर मुळीच नाही.

येत्या वर्षी ज्यांची मुले पाचवीत जाणार आहेत त्यांनी शाळेत चौकशी आतापासून ठेवावी. मोबाईलवर अर्ज भरता येत नसेल तर माझ्याकडे या. मोठी मुलगी रविवारी घरी असते. तिनेच मला सांगितले आहे, "आई, मंडळात सांग, मी सगळ्यांचे अर्ज भरून देईन."

तिचा निरोप तुम्हाला पोचवला. माझे चार शब्द पुरे करते.