खनिज तेलातील निष्क्रिय वायू : एका लेखापरीक्षकाचे निवेदन
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



विज्ञानविषयक भाषणासाठी चिटणिसांनी आम्हांस पाचारण केले, तेव्हा आमची पदवी बी. ए. ची आहे, याची त्यांना आठवण करून देणे भाग पडले. केंद्र सरकारच्या लेखापरीक्षा खात्यात आमची हयात गेली. आजचा विषय आम्ही महाविद्यालयात शिकलो नाही. तो एका फाइलमध्ये, आणि तोही स्वतःच्या चुकीतून शिकलो. त्या चुकीकडे येण्यापूर्वी थोडी पूर्वपीठिका आवश्यक आहे.

हेलियम, निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन आणि झेनॉन हे पाच वायू सहसा कोणत्याही पदार्थाशी संयोग पावत नाहीत, म्हणून त्यांना निष्क्रिय वायू म्हणतात. हवेत आर्गॉन शेकडा एकाच्या जवळपास असतो. झेनॉन मात्र दहा कोटी भागांत अवघा ९ भाग. निऑन, क्रिप्टॉन व झेनॉन या तिघांचा शोध १८९८ या एकाच वर्षी लंडन येथे सर विल्यम रॅम्झी आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी लावला. जमशेटजी टाटांच्या नियोजित विज्ञानसंस्थेसाठी जागा सुचविण्यास १९०० साली हिंदुस्थानात आले ते हेच रॅम्झी, आणि त्यांनी सुचविले ते आपले बंगळूर. त्या संस्थेचे पहिले संचालक ट्रॅव्हर्स. १९०६ ते १९१४ पर्यंत ते त्या पदावर होते. ज्या ‘टाटा इन्स्टिट्यूट’च्या कुंपणावरून आपण नित्य जातो, तिचा पाया घालणाऱ्याने तीन मूलद्रव्ये जगापुढे आणली होती, हे या शहरात चाळीस वर्षे राहूनही पुष्कळांना ठाऊक नसते. झेनॉन या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘परका’. आपल्या मंडळाच्या सभासदांना ते नाव जवळचे वाटावे!

हेलियमचा उल्लेख निघाला की मराठी श्रोत्याला विजयदुर्ग आठवतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात लॉकियर यांनी त्या किल्ल्यावरून हेलियम शोधला, असे आपण अभिमानाने सांगतो. सांगताना जड जाते, परंतु लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. ग्रहणाच्या वेळी जान्सेन गुंटूरला, आणि पटवर्धनांच्या जमखंडीत जॉन हर्शेल दुर्बिणीशी होते. लॉकियर यांनी सूर्याच्या वर्णपटातील ती पिवळी रेषा पुढे ऑक्टोबरात इंग्लंडमधूनच टिपली. दाखला नसलेली नोंद कायम ठेवण्याची आम्हांस सवय नाही.

आता तेलाकडे वळू. अमेरिकेत कॅन्सस प्रांतातील डेक्स्टर गावी १९०३ साली एका विहिरीतून जोराने वायू उसळला. तो पेटविण्याचा समारंभ ठरला, लोक जमले. परंतु वायू पेटेना, उलट त्यावर धरलेला जळता गवताचा भारा विझून गेला. १९०५ मध्ये कॅडी आणि मॅकफार्लंड यांना त्या वायूत हेलियम आढळला. हा हेलियम आला कोठून? खडकांतील युरेनियम आणि थोरियम यांच्या किरणोत्सारातून तो सतत निर्माण होत असतो आणि बंदिस्त थरांत साचत जातो. म्हणून त्याचे प्रमाण तेथील द्रवाच्या वयाविषयी काही सांगते. निऑन, क्रिप्टॉन व झेनॉन यांची गोष्ट निराळी. ते बहुतांशी पावसाच्या पाण्यात विरघळून हवेतून खाली उतरलेले असतात. असे पाणी भूगर्भात तेलाला भेटले, की हे वायू पाणी सोडून तेलात शिरतात, आणि जो वायू जड तो अधिक शिरतो. त्यामुळे परका झेनॉनच तेलात सर्वांपेक्षा सहज मिसळतो! कोणता वायू किती गेला, हे मोजले म्हणजे किती पाण्याशी किती तेलाचा संबंध आला, याचा अंदाज बांधता येतो. तेल जिवाणूंनी खाल्ले, उष्णतेने बदलले, तरी हे वायू त्या रासायनिक व्यवहारात पडत नाहीत. व्यवहारात हितसंबंध नसलेल्या साक्षीदाराची किंमत लेखापरीक्षकाला निराळी सांगावी लागत नाही.

१९७४ साली सापडलेल्या आणि १९७६ पासून तेल देऊ लागलेल्या मुंबई हायसारख्या क्षेत्राचे वय वाढते, तसे थरांतील दाब टिकविण्यासाठी पाणी आत सोडावे लागते. मग विहिरीतून वर आलेले पाणी मूळचे की सोडलेले, शेजारच्या दोन विहिरींचा थर एक की निराळा, हे प्रश्न पैशाचे होतात. अशा प्रश्नांत हे वायू उपयोगी पडतात.

परंतु मोजणे बिकट. नमुन्यात हवेचा एक बुडबुडा शिरला, तरी हिशेब हवेचाच होतो. म्हणून तांब्याची नळी विहिरीच्या तोंडाशी जोडतात, तेल अथवा पाणी तिच्यातून बराच वेळ वाहू देतात, आणि मग दोन्ही टोके पोलादी पकडींनी चेपून बंद करतात. प्रयोगशाळेत ती निर्वात यंत्रणेला जोडून उघडतात. तप्त टायटॅनियम इतर वायूंना शोषून घेतो. उरलेले वायू अतिशीत कोळशावर धरून एकेक करून मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सोडतात. तेथे हेलियम-३ आणि हेलियम-४ हेही निरनिराळे मोजले जातात. हवेत दहा लाख हेलियम-४ मागे हेलियम-३ सुमारे १.४, पृथ्वीच्या प्रावरणातून आलेल्या वायूत ते प्रमाण याच्या सुमारे आठपट, तर भूकवचात निर्माण झालेल्या वायूत याच्या पन्नासाव्या हिश्शाएवढे.

सुमारे वीस वर्षांपूर्वी एका सरकारी संशोधनसंस्थेचे लेखे आमच्याकडे तपासणीस होते. तांब्याच्या नळ्या व खास पकडी, एकाच विक्रेत्याकडून, चढ्या दराने घेतलेल्या. भांडारात झाकणाच्या काचेच्या बाटल्या पडून असता ही खरेदी का, असा आक्षेप आम्ही नोंदविला. भाषा कडक होती. त्या वयात तिचा अभिमानही होता. पुढील नमुने संस्थेने मुकाट्याने बाटल्यांतून आणले.

काही महिन्यांनी एक संशोधिका बाई आलेख घेऊन आमच्या टेबलाशी आल्या. निऑन-आर्गॉनचे प्रमाण तंतोतंत हवेचे. हेलियम काचेतूनच झिरपून गेलेला. “साहेब, काच हेलियमला अडवीत नाही,” एवढेच त्या म्हणाल्या. आम्ही पुन्हा नमुने घेण्यास सुचविले. त्या विहिरींपैकी एक तोवर सिमेंट ओतून कायमची बंद झाली होती.

आम्ही आक्षेप मागे घेतला. फाइलवर तसे लिहिण्यास एक ओळ पुरली. त्या विहिरीच्या रकान्यात मात्र आजही रेघच आहे.

बाईंनी निवृत्त होताना एका वापरलेल्या नळीचा तुकडा आम्हांस दिला. तो आज बरोबर आणला आहे. चेपलेले टोक पाहावे, त्यातून फुंकर जाते का हे तरुणांनी अवश्य पाहावे. पहिल्या रांगेपासून तो फिरवावा. रीतसर निर्लेखित झालेला आहे, तरी शेवटच्या रांगेतून आमच्याकडे परत यावा.