तानपुरा मिळवता येतो का? एम.ए. संगीतच्या प्रवेशाची गोष्ट

बऱ्याच जणांनी विचारलं, की बीकॉम करून एम.ए. संगीतला प्रवेश मिळतो का? मिळतो. मला मिळाला, पण दुसऱ्या वर्षी. पहिल्या वर्षी का नाही मिळाला, ते आज सांगते.

मी शिरूरची. पप्पा रांजणगाव एमआयडीसीत शिफ्टला जातात. माझे गाण्याचे सर दौंडचे, रेल्वेतून रिटायर झालेले. शिरूरला रेल्वे नाही, त्यामुळे दर शनिवारी न्हावरा, चौफुला करत एसटीनं जायचं, आत्याकडे मुक्काम, रविवारी परत. चौफुल्याला संगीतबारीची कलाकेंद्रं आहेत, माहीत असेल तुम्हाला. गावात कुणीतरी आईला टोमणा मारायचंच, "पोरगी गाणं शिकते म्हणजे तिकडं जाणार का?" मी हे सरांना रडत सांगितलं. सर म्हणाले, "तिथल्या बायका रात्र रात्र सुरात गातात. तू दहा मिनिटं गाऊन दाखव."

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा असतात. त्या मी दिल्या. बऱ्याच विद्यापीठांत कुठलीही पदवी आणि सोबत विशारद चालतं, पण दर वर्षी माहितीपत्रक नीट वाचा. पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, एसएनडीटीचा संगीत विभाग आहे. सगळीकडे जागा थोड्या, आणि खरी परीक्षा म्हणजे प्रत्यक्ष गाणं. मी कुठे गेले ते नाव घेत नाही, कारण चूक माझी होती.

घरी तानपुरा नव्हता. मोबाइलवर अ‍ॅप लावायचं, काळी चार, की रियाज सुरू. सरांकडे तानपुरा होता, पण मी पोचायच्या आधी ते तो मिळवून ठेवायचे. मी कधी हात लावलाच नाही.

ऑडिशनला समोर तिघं जण. एका मॅडमनी तानपुरा पुढे केला. "पंचम उतरलाय बेटा, मिळव आणि सुरू कर." मी खुंटी पिळली. तार भलतीच चढली. परत उतरवली, फार उतरली. घाम फुटला. शेवटी त्यांनीच मिळवून दिला. मी यमन गायले, पाठ केलेल्या ताना धडाधड घेतल्या. मग प्रश्न आला, "मालकंस गायचा असेल तर पहिली तार कशाला लावशील?" मी म्हटलं, पंचमाला. मालकंसात पंचम लागतच नाही! तेव्हा तार मध्यमाला लावतात. परीक्षेत हे मी लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते.

यादीत नाव नव्हतं. पप्पा एवढंच म्हणाले, "अजून एक वर्ष. नंतर बँकेची तयारी." त्यांनी ओव्हरटाइम करून फी भरलेली, मी काय बोलणार?

सरांनी तानपुरा माझ्या मांडीवर दिला. "दोन महिने गायचं नाही. नुसतं मिळवायचं."

चार तारा असतात. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या, म्हणजे एकाच षड्जाच्या, आणि शेवटची खर्जाची. खुंटीनं मोठा फरक, खालच्या मण्यानं बारीक. जोडाच्या दोन तारा थोड्या वेगळ्या असल्या, की आवाजात लाट ऐकू येते, वँव वँव अशी. तारा जवळ येतील तशी लाट संथ होत जाते आणि एका क्षणी थांबते. ती थांबलेली ऐकायला मला तीन आठवडे लागले.

त्यानंतर एका रविवारी खर्जाच्या तारेतून कुणीतरी गांधार गातंय असं वाटलं. कुणी छेडला नव्हता, तरी होता. सर हसले. त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. मी त्याच्यावर माझा यमनचा गांधार लावला आणि तो जुळेना! मी हार्मोनियमवर शिकलेली. हार्मोनियमचा गांधार तानपुऱ्यातल्या गांधारापेक्षा किंचित चढा असतो. इतकी वर्षं तोच माझ्या गळ्यात बसला होता, आणि मला वाटायचं आपल्या ताना कमी पडतात.

दुसऱ्या वर्षी त्याच खोलीत तानपुरा मिळवायला मला जवळजवळ पाच मिनिटं लागली. कुणी घाई केली नाही. तिघंही ऐकत होते. मला वाटतं, माझी परीक्षा तिथंच सुरू झाली होती. गायले पुन्हा यमनच, ताना निम्म्या.

यादीत नाव लागलं तेव्हा पप्पा नाइट शिफ्ट करून झोपले होते. उठवून सांगितलं. म्हणाले, "बरं झालं. होस्टेलचं किती?"

आता तुमच्यासाठी. मिरजेचा चांगला तानपुरा स्वस्त नसतो, विकत घ्याच असं मी म्हणत नाही. पण गुरुजींकडे, क्लासमध्ये कुठेतरी असेल, तर आठवड्यातून एकदा मिळवायला मागा. अ‍ॅप वापरताना एक करा. आधी चार मिनिटं ऐकून बंद करा, दहा मिनिटं गा, मग परत लावा. तुमचा सा कुठे सरकलाय ते लगेच कळेल. पहिल्यांदा वाईट वाटेल. मलाही वाटलं होतं.

कुणाची ऑडिशन जवळ आली असेल तर मेसेज करा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या!