एकट्याचे घर



वेगळी चूल मांडणे आपल्याला ठाऊक आहे. पण चुलीपुढे जेवायला एकच माणूस, हे आपल्याला अजून नवे वाटते. २०११ च्या खानेसुमारीत आपल्या देशात अशी घरे शंभरांत चारच्या आसपास निघाली.

आता जपान पाहा. तिथे २०२० च्या खानेसुमारीत शंभरांत अडतीस घरी राहणारे माणूस एकच! अमेरिकेत १९४० साली अशी घरे शंभरांत आठ होती. २०२० साली ती सत्तावीस-अठ्ठावीस झाली.

असे का व्हावे? भांडणतंटा हे मोठे कारण नव्हे. जपानात आयुष्य वाढले. बाया पुरुषांपेक्षा सरासरी सहा वर्षे जास्त जगतात. नवरा गेला की म्हातारी मागे राहते. पोरे खेडे सोडून टोकियोला नोकरी धरतात. पुष्कळ जण लग्नच करीत नाहीत. हाती पगार किंवा पेन्शन असली की एकट्याचा खर्च एकट्याला झेपतो. काहींना तसे राहणे आवडतेही. त्यांना नावे ठेवायला आम्हाला तरी कारण दिसत नाही.

काळजी निराळीच आहे. २०२४ साली जपानात एकटी राहणारी ७६ हजार माणसे घरातच वारली. त्यांतली सुमारे सात हजार महिनाभर किंवा जास्त दिवस कोणाला कळलीच नाहीत!

म्हणून तिथे २००१ साली एक विजेची किटली निघाली. म्हातारीने चहाला पाणी घेतले की नाही, ते दूरच्या लेकाला निरोपाने कळते. पाणी घेतलेले दिसले नाही, की तो चौकशी करतो.

आपल्याकडे अंगणात सडा दिसला नाही, की शेजारीण हाक मारते. पण शेजारीही ऊसतोडीला गेलेले असले तर? दाराला कुलूप. मग हाक कोण मारणार?

दुसरी गोष्ट रेशनची. अन्नसुरक्षेच्या कार्डावर महिन्याला माणशी ५ किलो धान्य मिळते. म्हणजे एकटीला ५ किलोच. अंत्योदय कार्डावर मात्र घराला ३५ किलो असते, माणसे कितीही असोत. निराधार विधवा आणि आधार नसलेले म्हातारे या योजनेत बसू शकतात. कित्येक आजींचे नाव अजून शहरातल्या मुलाच्या कार्डावर असते. त्यांना ते माहीतही नसते.

आता तुम्हाला वाचता येते. आपल्या आळीत एकटे कोण राहते ते पाहा. त्यांचे कार्ड मागून घ्या, आणि त्यावर काय लिहिले आहे ते त्यांना मोठ्याने वाचून दाखवा.